सूर्यास्तापूर्वी मजुरी

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारचे दुसरे मिस्साबलिदान आटोपून आम्ही पूजेची वस्त्रे उतरवून ठेवीत होतो, तोच सॅक्रिस्टीच्या दाराशी एक तरुण येऊन उभा राहिला. वय बावीस-तेवीस, डोळे जागरणाने तांबारलेले, सदऱ्यावर तेलाचे डाग. रात्रपाळी करून तो घरी न जाता थेट देवळात आला होता. मूळचा डहाणूकडचा, वारली कुटुंबातला. पोटासाठी दादऱ्यास आलेला आणि आता आमच्याच धर्मग्रामाचा झालेला.

"फादर, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "कबुलीचं नाही, हिशेबाचं."

त्याने खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला. गेल्या सालच्या दिनदर्शिकेचे ते पान होते आणि त्याच्या पाठीवर त्याने आपल्या हजेऱ्या पेन्सिलीने मांडल्या होत्या. धाग्याच्या एका कारखान्यात तो ठेकेदारामार्फत लागला होता. पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. महिन्यास सव्वीस हजेऱ्या. मजुरी हजेरीवर, तासांवर नव्हे. बारा तास भरले की एक हजेरी पडे. आजवर पगाराची पावती म्हणून कागदाचा कपटाही त्याच्या हाती आलेला नव्हता. त्याने ठेकेदारास एकदा धीर करून विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "ठरलं तेवढं दिलं. आणखी काय हवं?"

"ठरलं होतं हे खरं, फादर," तो तरुण खाली पाहत म्हणाला. "मग जास्त मागणं हे पाप होईल का?"

या प्रश्नास त्या क्षणी आम्ही पुरते उत्तर देऊ शकलो नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो, न्याय्य वेतनाचा धडाही गिरविला. पण येथल्या कामगारास कायद्याने काय मिळावयास हवे, हे आम्हांस नीट ठाऊक नव्हते. त्यास दुसऱ्या रविवारी यावयास सांगून आम्ही वाचावयास बसलो. जे हाती लागले ते आजच्या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते शोधता शोधता आमचाच एक दोष आमच्या नजरेस आला. तोही आम्ही लपविणार नाही.

प्रथम आपल्या या भूमीविषयी दोन शब्द. दादरा म्हणजे दादरा, देमणी आणि तिघरा या तीन गावांचा चिमुकला टापू. चहूंकडे गुजरात आणि मध्ये आपण. १९५४ सालच्या जुलैत येथली पोर्तुगीज सत्ता संपली, ऑगस्टात सेलवास मुक्त झाले, १९६१ साली हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला आणि २०२० साली दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. पुढे करांच्या सवलतींमुळे येथे कारखाने उभे राहिले. आज धागा, प्लॅस्टिक, तारा, यंत्रांचे सुटे भाग अशा नाना वस्तू येथून देशभर जातात. एका काळी जेथे नागली आणि भात पिके, तेथे पाळीचे भोंगे वाजतात. आमच्या देवळात कोकणी, मराठी, वारली, हिंदी, मल्याळम अशा कितीतरी भाषा बोलणारे भाविक एकत्र गुडघे टेकतात ते या कारखान्यांमुळेच. कारखान्यांनी अनेक घरांतली चूल पेटती ठेवली आहे. त्याबद्दल कृतघ्न होणे बरे नव्हे.

पण या परिसराची आठवण त्याहून जुनी आहे. येथून हाकेच्या अंतरावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत, १९४५ सालापर्यंत वारली माणूस जमीनदाराच्या शेतावर वेठीस राबत असे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी जन्माचे गडी होत. त्यांना 'लग्नगडी' असेच नाव होते. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी दीडपट-दुपटीने फेडावी लागे. १९४५ साली झरी येथे वारल्यांची सभा झाली, वेठ न करण्याची शपथ घेतली गेली, आणि मग गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा झाला. त्या लढ्यास वाट दाखविणाऱ्या गोदावरीबाई परुळेकर कम्युनिस्ट होत्या. ईश्वराविषयी त्यांचे आणि आमचे मत जुळणारे नव्हे. परंतु गरिबास माणूस म्हणून उभे करण्याचे जे काम आम्ही ख्रिस्ती लोकांनी आधी हाती घ्यावयास हवे होते, ते इतरांनी केले, ही गोष्ट नाकारता येत नाही. आमच्या सॅक्रिस्टीच्या दाराशी उभा राहिलेला तरुण त्या वेठबिगारांचा पणतू शोभेल अशा वयाचा. वेठ संपली, पण 'ठरलं तेवढं दिलं' हे वाक्य संपले नाही.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळू. करार झाला, दोघांनी मान्य केला, तर त्याहून अधिक मागणे अन्याय्य ठरते काय?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात नेमका हाच प्रश्न विचारात घेतला आहे. मालक आणि मजूर यांनी मोकळेपणाने करार करावा हे त्यांना मान्य आहे. परंतु कोणत्याही कराराच्या वर आणि आधी एक निसर्गसिद्ध न्याय उभा असतो, असे ते शिकवितात. सरळमार्गी, काटकसरी मजुराचा चरितार्थ चालेल एवढे वेतन हा तो न्याय. गरजेपोटी अगर याहून वाईट गळ्यात पडेल या भीतीपोटी मजुराने कमी वेतनास होकार दिला, तर तो होकार खरा नव्हे. तेथे मजुरावर जबरदस्तीच झाली असे समजावे.

आश्चर्य असे की, जवळजवळ शंभर वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या वाटेने येऊन तेच सांगितले. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालली होती. मजुरांचे किमान वेतन रोजी सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया ठेकेदारांचे जमादार कापून घेत. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात म्हटले त्याचा आशय असा की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर जो राबतो तो खुशीने राबत नाही. भूक त्यास राबविते. म्हणून ती राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठच होय. रोमच्या गुरुपदावरून आलेला शब्द आणि दिल्लीच्या न्यायासनावरून आलेला शब्द एकाच ठिकाणी येऊन मिळाले. हातातल्या चाबकाने करविलेली वेठ आणि रिकाम्या पोटाने करविलेली वेठ यांत न्यायाच्या दृष्टीने फरक नाही.

पवित्र शास्त्र तर याहून कडक आहे. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, मग तो मजूर स्वकीय असो की परदेशी. कारण त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला असतो. मजुराची अडविलेली मजुरी स्वर्गाकडे आक्रोश करते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात धनिकांस बजाविले आहे. लहानपणी आपण सर्वांनी धर्मशिक्षणात स्वर्गाकडे आक्रोश करणारी चार पापे पाठ केली. पहिले मनुष्यहत्येचे, आणि चौथे कोणते? मजुराची मजुरी बुडविण्याचे. आपण ते घोकले आणि विसरलो. कबुलीजबाबाच्या पिंजऱ्यात इतक्या वर्षांत आम्ही नाना पापे ऐकली, पण हे पाप सांगावयास कोणी आल्याचे आम्हांस स्मरत नाही.

म्हणून त्या तरुणास आम्ही दुसऱ्या रविवारी पहिले उत्तर दिले ते हे: "बाळ, न्याय्य तेवढे मागणे पाप नव्हे. देणे टाळणे हे पाप."

त्यानंतर आम्ही कागदपेन्सिल घेऊन बसलो. प्रथम तासांचा हिशेब. हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला, पण तो लहान मुलांपुरता होता. मोठ्या पुरुषांच्या तासांस पहिली मर्यादा १९११ साली पडली, तीही फक्त कापडगिरण्यांत, आणि ती होती दिवसास बारा तास. १९२२ साली आठवड्यास साठ तास, १९३४ साली चौपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस, अशी ती मर्यादा पायरीपायरीने खाली आली. या शेवटच्या पायरीच्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. तेव्हा हा तरुण बारा तासांची पाळी करून एकाच हजेरीचे पैसे घेतो, याचा अर्थ असा की, तो आजही १९११ सालात राबत आहे.

आजचा कायदा काय सांगतो? केंद्र सरकारने जुने एकोणतीस कामगार कायदे चार संहितांत एकत्र केले. वेतनसंहिता २०१९ सालची, बाकीच्या तीन २०२० सालच्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. कायद्याचे नाव बदलले तरी कामगाराने लक्षात ठेवावयाच्या मुख्य गोष्टी जुन्याच आहेत. रोजचे काम आठ तासांचे. आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम नाही. एक दिवस सुट्टीचा. आठ तासांवर जे काम होईल तो ओव्हरटाइम. तो कामगाराच्या संमतीनेच करवून घ्यावयाचा आणि त्याचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी असता कामा नये.

या दुपटीचे महत्त्व आकड्यांनीच ध्यानात येते. केवळ हिशेबासाठी रोजची मजुरी ४०० रुपये धरू. म्हणजे तासास ५० रुपये. बारा तासांच्या पाळीतून जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास वगळला तर साडेअकरा तास काम झाले. त्यांतले साडेतीन तास ओव्हरटाइमचे. दुपटीने तासास १०० प्रमाणे ३५० रुपये. एकूण ७५० रुपये झाले आणि हाती पडले ४००. सव्वीस पाळ्यांत हा फरक ९,१०० रुपयांचा होतो. आम्ही आकडा लिहिला आणि तो तरुण बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "घरभाडं नि आईचं औषध धरून एवढंच लागतं, फादर."

यावर कोणी म्हणेल, अडचणीच्या काळात एवढे नियम कोण पाळणार? शेजारच्या गुजरातेत असा प्रयत्न झाला आहे. २०२० सालच्या एप्रिलात, साथीच्या टाळेबंदीत, तेथल्या सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांस बारा तासांची पाळी मोकळी केली आणि जादा तासांस दुप्पट दर नको, नेहमीचाच दर पुरे असे ठरविले. कामगारांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि जादा तासांचे पैसे चुकते करण्याची आज्ञा दिली. संकटाचा सारा भार जो सर्वांत दुबळा त्याच्याच पाठीवर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. एवढ्या मोठ्या संकटात जे क्षम्य ठरले नाही ते रोजच्या व्यवहारात कसे क्षम्य ठरावे?

आठवड्याच्या सुट्टीविषयीही येथेच सांगून टाकतो. मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे. आपण ख्रिस्ती लोक रविवारास प्रभूचा दिवस म्हणतो. पण गिरणीतल्या मजुरास तो मिळवून देणारा गृहस्थ सत्यशोधक होता, याचे स्मरण कृतज्ञतेने ठेवावे. आज कारखान्यांत सुट्टीचा वार पाळीप्रमाणे बदलतो. रविवार न मिळाल्यास ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी, अगर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सास यावे. मात्र सात दिवस राबून सुट्टी विकू नये.

आता वेतनाच्या गोष्टी. त्या आम्ही तरुणास वहीत उतरवून दिल्या, तशाच येथे देतो. सरकारने ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी मजुरी कोणासही देता येत नाही, आणि त्याच अगर त्यासारख्या कामासाठी बाईस पुरुषाहून कमी देता येत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आठवड्याची मजुरी साप्ताहिक सुट्टीच्या आधी आणि रोजंदारी त्याच पाळीच्या शेवटी हाती पडली पाहिजे. ही शेवटची तरतूद वाचताना आम्हांस मोशेचा सूर्यास्त आठवला. नोकरी सोडली अगर सोडविली, तर राहिलेला हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता व्हावयास हवा. 'मध्येच सोडलेस, आता मागचा पगार विसर' ही धमकी बेकायदेशीर आहे. पगारातून मन मानेल ते कापता येत नाही. निधी, उचल, दंड सर्व मिळून कपात निम्म्या वेतनावर जाता कामा नये, आणि दंडाची रक्कम तर शेकडा तीनच्या पुढे जाऊ शकत नाही. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचा वाटा कापला जातो तसा मालकानेही आपला भरावयाचा असतो. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून काढणे ही फसवणूक होय. निधीच्या खात्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि पैसे खरोखर जमा होतात का हे मधून मधून पाहावे. नेमणूकपत्र आणि पगाराची पावती, जिला कारखान्यात पे-स्लिप म्हणतात, ही मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ती देणे मालकाचे कर्तव्य आहे.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांस वाटते की, आपला कारखान्याशी संबंध नाही. हा समज खोटा आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ज्याच्या कारखान्यात काम झाले त्यास ती द्यावी लागते. मजुरी थकली अगर कमी मिळाली तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. तो कामगार स्वतः करू शकतो अगर त्याच्यासाठी त्याची संघटना करू शकते. दावा ऐकणारा अधिकारी थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. सर्वांत मोलाची गोष्ट ही की, पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, दिले नाहीत हे सिद्ध करण्याचा कामगारावर नव्हे. तरीही आपली वही आपण राखावी. पाळी केव्हा सुरू झाली, केव्हा सुटली, किती पैसे कोणत्या तारखेस मिळाले, हे रोज एका ओळीत लिहावे. त्या तरुणाचे दिनदर्शिकेचे पान हे त्याचे शहाणपण होते. वकिलाचा खर्च कसा झेपेल अशी भीती असते. परंतु १९८७ सालच्या विधिसेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांस सरकारी खर्चाने वकील मिळतो. सेलवासच्या न्यायालयात चौकशी करावी. नियमांचे बारकावे कामगार खात्याच्या कार्यालयात विचारावे. तेथे जाण्यास भिऊ नये.

मालकवर्गातील काही वाचक हे वाचून कपाळास आठ्या घालतील हे आम्ही जाणतो. आमच्या परिचयाचे एक भले गृहस्थ छोटा कारखाना चालवितात. त्यांनी आम्हांस द्राक्षमळ्याच्या दाखल्याची आठवण दिली. "फादर, प्रभूच्या दाखल्यातला धनीही म्हणतो ना की, ठरले तेवढे घे आणि जा?" दाखला त्यांनी बरोबर आठवला, पण अर्धाच. त्या धन्याने कोणासही ठरल्याहून कमी दिले नाही. तासभर राबलेल्यासही पूर्ण दिवसाचा दीनार दिला, कारण तासभर राबलेल्याच्या घरीही पूर्ण दिवसाची भूक असते. शिवाय त्याने संध्याकाळ होताच कारभाऱ्यास बोलावून मजुरी चुकती केली. त्या दाखल्याचा आधार ज्यास घ्यावयाचा असेल त्याने तो पुरा घ्यावा. मालकांच्या अडचणी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. माल घेणारा मोठा व्यापारी भाव पाडतो, पैसे तीन-तीन महिने अडकवितो, आणि तो ताण शेवटी मजुराच्या हजेरीवर येऊन पडतो. पण किमान वेतन देण्याची ज्या धंद्याची ऐपत नाही त्यास चालू राहण्याचा हक्क नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच म्हटले आहे. व्यापाऱ्याशी भांडावे, मजुराच्या ताटातून काढून घेऊ नये.

कामगारांसही दोन शब्द. ज्यास पुरी मजुरी हवी त्याने पुरे काम द्यावे. यंत्रावर डुलक्या घेणे, दुसऱ्याची हजेरी आपण लावणे ही चोरीच आहे. आणि हक्काने मिळविलेला पगार सात तारखेस गुत्त्यावर ठेवून जो घरी जातो तो ठेकेदारापेक्षा निराळा नव्हे. बायकामुलांची मजुरी तोही बुडवितो.

आता आमच्या दोषाची गोष्ट.

हे सारे वाचीत असता एका रात्री आम्हांस आमच्याच आवाराच्या भिंतीची आठवण झाली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात धर्मग्रामाने ती बांधून घेतली होती. तीन ठेकेदारांनी दर दिले. आम्ही सर्वांत स्वस्त पत्करला आणि देवाच्या पैशाची काटकसर केली म्हणून समाधान मानले. चौदा बाया आणि काही बिगारी पुरुष भर उन्हात राबत होते. आम्ही येताजाता त्यांस पाणी देववीत असू, लेकरांस गोळ्या वाटीत असू. मजुरी किती, कधी मिळते, हे आम्ही एकदाही विचारले नाही. आता आम्ही ठेकेदाराचे बिल काढून गुणाकार केला तेव्हा दिसून आले की, त्या दरात सर्वांस किमान वेतन देणे मुळी शक्यच नव्हते. स्वस्त कोठून झाले होते ते कळले.

त्या बायांपैकी एक देवळाच्या पलीकडच्या पाड्यावर राहते. तिला विचारले. ती म्हणाली, "आठवड्याला खर्चीपुरतं देत, फादर. बाकी शेवटी. शेवटी थोडं दिलं, थोडं राहिलं." पुरुषांस जास्त मिळे का, असे विचारता ती हसली. "घमेलं तेच, माप तेच. पण पुरुषाला जास्ती ना बाईला कमी, असंच असतं." आम्ही तिला विचारले, तेव्हा आम्हांस का सांगितले नाही? ती म्हणाली, "तुमचंच काम होतं ना, फादर. तुम्हांला ठाऊक असेल असं वाटलं."

वाचकहो, हे वाक्य आम्हांस फार लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कायद्याच्या कलमांनी आम्ही किती बांधले गेलो होतो हा वकिलांचा प्रश्न आहे. पण जी भिंत देवाच्या घराभोवती उभी आहे तिच्यात कोणाच्या घामाचे पैसे चिणले गेले, हा प्रश्न वकिलाकडे नेता येत नाही. आम्ही तो धर्मग्राम समितीपुढे ठेवला. एक सभासद म्हणाले, ठेकेदारास पूर्ण पैसे दिले आहेत, आता दुसऱ्यांदा का द्यावे? दुसऱ्या एक बाई, ज्या स्वतः कारखान्यात पॅकिंगला जातात, त्या म्हणाल्या, "आपण भिंतीचे दिले; बायांचे कुठे दिले?" त्यावर चर्चा संपली. ठेकेदाराने हात वर केले. मग समितीने धर्मग्रामाच्या निधीतून बायांचा फरक आणि थकलेली बाकी द्यावयाची असे ठरविले. मजुरांतले पुरुष त्याच ठेकेदाराबरोबर दुसऱ्या कामावर होते. त्यांचाही हिशेब तेथे जाऊन चुकता केला. यापुढे धर्मग्रामाच्या कोणत्याही कामात मजुरीचा दर फळ्यावर लिहावा, दर शनिवारी आमच्यासमक्ष मजुरी वाटावी आणि दर घेताना सर्वांत स्वस्त तोच चांगला असे मानू नये, असाही ठराव झाला. आमच्या वाचकांच्या घरी भांडीधुणी करणाऱ्या बाया येतात. घराच्या उंबऱ्याच्या आत कायद्याचा हात सहज पोचत नाही; म्हणून तेथे सद्‌सद्विवेकाने अधिक लांब हात करावयास हवा. घर बंद ठेवून आपण गावी गेलो त्या महिन्याचे तिचे पैसे कापले का, हे प्रत्येक गृहिणीने आज आठवून पाहावे.

तो तरुण पुढे काय झाला, हे विचाराल. त्याने आम्हांस एक अवघड प्रश्न केला होता: "बोललो तर काम जाईल ना, फादर?" आम्ही त्यास खोटा धीर दिला नाही. जाऊ शकते, असेच सांगितले. म्हणून एकट्याने न बोलता चौघांनी मिळून बोलावे हेही सांगितले. कामगारांनी एकत्र यावे हे तेराव्या लिओंनीही त्याच विश्वपत्रात मान्य केले आहे, आणि २०२५ सालच्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हेच नाव धारण केले तेही त्या शिकवणुकीची आठवण धरून. त्याच्या पाळीतले पाच जण एकत्र आले, वह्या घेऊन कामगार कार्यालयात गेले. आता त्यांस पगाराची पावती मिळू लागली आहे. मागच्या ओव्हरटाइमचा दावा अजून चालू आहे. निकाल लागलेला नाही. आणि तो तरुण त्या कारखान्यात नाही. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने त्यास कामावर घेतले नाही. दीड महिना तो घरी बसला. त्या काळात त्याच्या घरचे धान्य व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या बंधूंनी पुरविले. आता दुसरीकडे आठ तासांच्या पाळीवर लागला आहे. हक्क मागणाऱ्यास किंमत मोजावी लागते. ती त्यास एकट्यास मोजू न देणे, एवढे तरी धर्मग्रामाचे काम आहे असे आम्हांस वाटते.

भिंत बांधणाऱ्या चौदा बायांपैकी अकरा जणींचा हिशेब चुकता झाला. उरलेल्या तिघी काम संपताच निघून गेल्या. कोणी म्हणते मोखाड्याकडच्या, कोणी म्हणते धरमपूरकडच्या. त्यांची नावेही ठेकेदाराच्या वहीत पुरी नाहीत. त्यांच्या पैशांची तीन पाकिटे सॅक्रिस्टीच्या कपाटात, मिस्साच्या चषकाशेजारी ठेवली आहेत. रोज सकाळी कपाट उघडताना ती दिसतात. वाचकांपैकी कोणास त्या कामावरच्या बायांचा ठावठिकाणा लागल्यास आम्हांस अवश्य कळवावे. सूर्य केव्हाच मावळून गेला आहे, पण देणे संपलेले नाही.